वेबरांचं मूळ गाव

आपल्याला फसवणारा अजून जन्माला यायचाय, असं सुरेश नेवासकरांचं ठाम मत होतं. कुवेतमधल्या फिंतासच्या फ्लॅटला तीन कड्या, प्रत्येक कागदाच्या चार झेरॉक्स, पासपोर्ट पत्र्याच्या डब्यात. रिफायनरीत दुसऱ्याने तपासलेला व्हॉल्व्ह ते पुन्हा हात लावून बघत. हे सगळं नव्वदच्या ऑगस्टपासूनचं, इराकी फौजा कुवेतमध्ये घुसल्या तेव्हापासूनचं. तेव्हा बायको शीलाताई आणि सहा वर्षांची मुलगी जुईली यांना घेऊन त्यांनी मिळेल त्या बसनं अम्मान गाठलं होतं. दोन वर्षांनी कुवेतला परत आले ते हा संशय घेऊनच.

२००७ साली जुईलीनं ऑफिसातल्या डॅनियल वेबरचं नाव लग्नासाठी काढलं. पुढच्या मार्चमध्ये त्याचं कॉन्ट्रॅक्ट संपत होतं, तो कॅनडाला परतणार होता.

"बाबा, तुम्ही हो म्हटल्याशिवाय मी जाणार नाही," ती म्हणाली.

सुरेशरावांनी धर्म विचारला नाही, पगार विचारला नाही. मुलगा बघायचा तर आधी मूळ गाव विचारायचं, ही घरची रीत. पहिल्या भेटीत डॅनियल म्हणाला, रेजायना, कॅनडा. दुसऱ्या भेटीत म्हणाला, त्याआधी रशियात, व्होल्गा नदीकाठी. तिसऱ्यांदा पापलेट खाता खाता म्हणाला, तसं मुळातलं म्हणाल तर जर्मनीतलं हेसन. सुरेशरावांनी तिन्ही नावं डायरीत लिहिली आणि प्रत्येकापुढे प्रश्नचिन्ह काढलं.

"कुठेतरी पाणी मुरतंय," ते शीलाताईंना म्हणाले. "तीन भेटींत तीन गावं!"

"अहो, तुम्ही खोदून विचारता म्हणून सांगतो बिचारा."

"बाबा, इट्स जस्ट अ नेम!" जुईली वैतागली.

"आपलं बघ. नेवासकर म्हणजे नेवाशाचे. विषय संपला. वेबर म्हणजे काय?"

"वीव्हर. विणकर."

"मग विणायचं सोडून देशोदेशी कशाला हिंडत होते? काहीतरी करून पळाले असणार."

शेवटी त्यांनी पुरावाच मागितला. शुक्रवारी डॅनियल आला तो आजीच्या बायबलच्या पहिल्या पानांच्या झेरॉक्स घेऊन. झेरॉक्स दिसल्यावर सुरेशराव किंचित निवळले, पण चष्मा लावून एकेक तारीख उलटसुलट तपासू लागले. जर्मन अक्षरांवर बोट ठेवून डॅनियल अर्थ सांगत होता.

"१७६६. हेसन सोडलं. माग विकला. १९०९. व्होल्गा सोडली. घराची किल्ली शेजाऱ्याकडे दिली."

सुरेशरावांचं बोट त्या ओळीवर थांबलं. नव्वदमध्ये त्यांनीही किल्ली शेजाऱ्याकडेच दिली होती. परत आले तेव्हा ना शेजारी होता ना घरातलं सामान. 

"अंकल, तुम्ही नेवासा कधी सोडलं?" डॅनियलनं सहज विचारलं.

 सुरेशरावांचे आजोबासुद्धा नाशिकचे. नेवासा त्यांनी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं.

"आमच्याकडे कुणी लिहून ठेवलं नाही," ते हळूच म्हणाले.

मग त्यांनी डायरी ओढली. डॅनियलची तीन प्रश्नचिन्हं खोडली, आणि खाली स्वतःचं लिहायला घेतलं. नेवासा, पुढे प्रश्नचिन्ह. नाशिक, प्रश्नचिन्ह. कुवेत, १९८२. अम्मान, १९९०. पुन्हा कुवेत, १९९२.  शीलाताई श्वास रोखून बघत होत्या.

शेवटची ओळ त्यांनी अगदी सावकाश लिहिली. जुईली, रेजायना, मार्च २००८.