प्रभाचे डोळे

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही. आज सांगायला बसलो, तर दोनदा उठून पाणी पिऊन आलो — तहान नसताना.

ऐंशीच्या दशकाचा शेवट. शहराच्या सदर भागातल्या एका छोट्या ऑफिसात आम्ही चौघं कॉम्प्युटरचे प्रोग्राम लिहायचो. प्रोग्राममध्ये प्रत्येक माहितीला दिलेली लांबलचक नावं टाइप करून बोटं दुखायची, म्हणून ज्यात प्रोग्राम टाइप करायचो त्या एडिटरला मी एक जोड लावली. पहिली चार अक्षरं मारा, एक बटण दाबा — उरलेलं नाव आपोआप. दुसरं नाव हवं असेल तर पुन्हा दाबा. ऑफिसभर वाहवा झाली. मीही काय कमी फुगलो?

त्यात एक चूक होती. दुसऱ्यांदा बटण दाबलं की पडद्यावर दुसरं नाव दिसायचं, पण फाइलमध्ये कधी कधी पहिलंच जायचं. मला ते ठाऊक होतं — हो, आधीपासून. माझ्याच कामात एकदा सापडलं होतं. बघू सवडीने, म्हणून ठेवून दिलं.

प्रभा पारशिवनीकडची. घरची शेती, नोकरी करणारी घरातली पहिलीच मुलगी. टायपिंगच्या टेबलावरून नुकतीच प्रोग्राम लिहायला आलेली. एका कारखान्याच्या कामगारांची ज्येष्ठतेची यादी तिच्याकडे दिली. त्यात रुजू झाल्याची तारीख लागायची तिथे जन्मतारीख लागली. प्रोग्राममधली दोन्हींची नावं ‘डेट’नेच सुरू व्हायची. परवा लागलेले वयस्क लोक यादीत वर, वीस वर्षं राबलेले खाली. कामगार यादी घेऊन ऑफिसात आले. साहेबांनी सगळ्यांसमोर फाइल उघडून प्रभाला दाखवली.

“मी रुजूचीच तारीख पाह्यली होती, साहेब. माह्या डोळ्यानं.”

मग काय यंत्र खोटं बोलून राहिलं, असं साहेब म्हणाले. आणि मी — तिच्यापासून दोन हातांवर — मिठाची गुळणी धरून बसलो होतो. बोललो असतो तर काय झालं असतं? थोडी नाचक्की, एवढंच ना? चोर सोडून संन्याशाला सुळी. तिला परत टायपिंगच्या टेबलावर बसवलं.

पुढचं सांगताना तर माझा मलाच राग येतो. त्याच आठवड्यात मी ती चूक गुपचूप दुरुस्त केली. वर एक नवी सोय जोडली — नाव भरण्याआधी यंत्र विचारणार, ‘हेच ना?’ हवं तर चालू ठेवा, नको तर बंद. साहेब खूश झाले, सगळ्यांसाठी आलूबोंडे मागवले. मी दोन खाल्ले.

प्रभाने सुट्टी टाकून डोळे तपासून घेतले. दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलाशी आली.

“डोळ्याले काहीच नाही झालं म्हणे डॉक्टर. मंग मले तो शब्द दिसला कसा, भाऊ?”

ती टोमणा मारत नव्हती. खरंच विचारत होती — मला, कारण यातलं मला सगळ्यांत जास्त कळतं असं तिला वाटायचं.

होतं असं कधी कधी घाईत, असं मी म्हणालो.

त्यानंतर ती पडद्यावर बोट ठेवून एकेक शब्द पुटपुटत वाचायची. संपलं की पुन्हा पहिल्यापासून. वर्षभर, माझ्या समोरच्या टेबलावर. मग नोकरी सोडून गावी गेली.

तिचे डोळे चांगले होते. तिला बरोबरच दिसलं होतं.