निळ्या पाण्यातला थेंब

एकतीस वर्षं मी रक्तपेढीत लोकांची बोटं टोचली. आता निवृत्त होऊन चंद्रपुरात घरी बसले आहे, तरी कोणी नमस्काराला हात पुढे केला की माझी नजर आधी शिरेवर जाते. सवय जात नाही. एप्रिल लागला की मात्र मला एकच बोट आठवतं, राजुऱ्यापलीकडच्या एका गावातल्या वच्छलाबाईचं.

तिच्या गावच्या विहारात दर चौदा एप्रिलला आमचं रक्तदान शिबिर असायचं. पहिल्या वर्षी, म्हणजे २०१२ साली, पांढरं पातळ नेसून रांगेत सगळ्यांच्या पुढे उभी होती ती. मी नेहमीसारखं विचारलं, "सकाळी काय खाल्लं?"

"काईच नाई. दान उपाशीपोटी करा लागते ना, मॅडम."

मी कपाळाला हात लावला. "हा पौर्णिमेचा उपास नाही, बाई. बाहेर बेचाळीस डिग्री ऊन आहे. जेवून या, तांब्याभर पाणी प्या. चक्कर येऊन पडलात तर उचलायचं मलाच आहे."

मी तशी तोंडाळच. ती गेली, वरण-भात जेवली आणि परत रांगेत लागली. मग फॉर्म भरला. ताप, गोळ्या, कावीळ, सगळं विचारून झालं. हातावरच्या गोंदणाची तिला धास्ती होती. ते लहानपणचं आहे, चालतं, असं मी सांगितल्यावर तिचा जीव भांड्यात पडला. वजन सेहेचाळीस किलो, म्हणजे काठावर पास. बीपी चांगलं. राहिलं ते बोट.

आता त्यासाठी मशीन आलं आहे. तेव्हा आमच्याकडे बाटलीत मोरचूदाचं निळं पाणी असायचं. बोटातला थेंब त्यात सोडायचा. बुडला तर रक्त पुरेसं दाट, माणूस पलंगावर. तरंगला तर घरी. त्या निळ्या पाण्याकडे माणसं श्वास रोखून बघायची, आणि खरं सांगते, मशीनवरचा आकडा बघण्यात ती मजा नाही. वच्छलाबाईचा थेंब अर्ध्यात गेला, क्षणभर थांबला आणि वर आला.

"रक्त कमी आहे. द्यायला नको, उलट तुम्हालाच लागेल," मी म्हटलं.

ती उठेना. हळू आवाजात म्हणाली, "मले लागलंच होतं, म्हणून तं आली." नव्वद साली दिव्यानीच्या, म्हणजे तिच्या मुलीच्या जन्माच्या वेळी, अंगातलं रक्त वाहून गेलं होतं. चंद्रपूरला दोन बाटल्या चढवल्या तेव्हा वाचली. "कोणाचं होतं ते कोणीच सांगितलं नाई. माझ्या मायले विहिरीवर बादलीले हात लावू देत नव्हते, मॅडम. अन् त्या बाटलीवर कोणाची जात लिहिली नव्हती. मले एकतरी बाटली द्याची हाय."

मी पुन्हा रागावले. पालेभाजी खा, गूळ-शेंगदाणे खा, गावच्या नर्सकडून लोहाच्या गोळ्या घ्या, आणि जेवणावर लगेच चहा पिऊ नका, तो अन्नातलं लोह अंगी लागू देत नाही. चहाचं ऐकून तिचा चेहरा पडला. दिवसाला सहा कप पिणारी बाई ती. घरी परत जायचं सोडून ती विहाराच्या मागे गेली आणि रक्त देऊन उठलेल्यांसाठी चुलीवर चहा मांडला.

पुढे दरवर्षी तेच. ती जेवून यायची, थेंब तरंगायचा, ती चहा मांडायची. नवख्या पोरांना धीर द्यायची, "मुंगी चावल्यावानी वाटते. मूठ उघड-बंद करत राय. दहा मिनटाचं काम हाय, झाल्यावर एकदम उठू नोको." स्वतः पलंगावर एकदाही न झोपलेली ही बाई इतक्या अधिकाराने सांगायची, की मला हसू यायचं आणि वाईटही वाटायचं.

मग कोरोना आला आणि दोन वर्षं शिबिरच झालं नाही. २०२२ ला आम्ही गेलो तेव्हा मी तिचं आधार कार्ड पाहिलं. जन्मतारीख एक जून, गुरुजींनी अंदाजाने लिहिलेली. येत्या एक जूनला साठ. पहिल्यांदा देणाऱ्याचं रक्त साठीनंतर घेत नाहीत. मी हे सांगितलं तर ती म्हणाली, "ठाऊक हाय मले."

तेव्हा माझ्या मनात पाप आलं. थोडा तरंगला तरी बुडाला म्हणायचं, कोणाला कळणार? पण चक्कर येऊन पडली असती ती तीच. मी बोट टोचलं आणि थेंब सोडला. तो अर्ध्यात गेला, थांबला. मी देवाधर्माची नाही, तरी मनातल्या मनात हात जोडले. थेंब सरळ खाली गेला आणि तळाशी बसला.

"काय केलंत हो?" मी विचारलं.

"गोळ्या खाल्ल्या. अन् दोन साल झाले, चहाच सोडला."

मी फक्त जेवणावर नको म्हटलं होतं. हिने कपच पालथा घातला होता.

पिशवी भरली तेव्हा मी तिला उठू दिलं नाही. त्या दिवशी तिच्यासाठी चहा मी केला. पहिला घोट घेऊन तिने डोळे मिटले. मग विचारलं, "कोणाले जाईन हे?"

"ते सांगता येत नाही, बाई."

"बरोबर हाय. मले बी नोयतं सांगितलं." मग पिशवीकडे बोट दाखवून म्हणाली, "तेव्हापासून राजुऱ्याच्या बाजारात कोणाशी भांडण निघालं, का मले वाटे, यानंच देल्लं असन तं? मंग तोंडातला शब्द तोंडातच राहे. बत्तीस साल झाले, मले धड भांडताच आलं नाई."

कप रिकामा करून ती हसली. "आता माह्यासंगं भांडतानी बी कोणीतरी असाच थांबन."

परवा भाजीवाल्यावर मी आवाज चढवला आणि मध्येच थांबले. मला आयुष्यात कधी रक्त चढवलेलं नाही, तरी थांबले.