मजलेकाकांचे एकवीस मजले

आर्किटेक्टच्या ऑफिसात नकाशे काढता काढता त्यांची एकतीस वर्षं गेली. एवढ्या वर्षांत त्यांनी कागदावर चढवलेल्या मजल्यांची मोजदाद नाही. प्रत्यक्षात उभी राहिलेली सगळ्यात उंच इमारत मात्र सात मजल्यांची. म्हणून ऑफिसातली मंडळी त्यांना मजलेकाका म्हणत. तेही निमूटपणे ओ देत.

निवृत्तीला पाच महिने उरले होते, तेव्हा साहेबांनी त्यांच्या टेबलावर एका बिल्डरची फाइल ठेवली. एकवीस मजले. मजलेकाकांनी ती दुपारपर्यंत उघडलीच नाही. मग उघडली आणि पूजेला बसावं तसे दीड महिना तिच्यापुढे बसले. घरी बायकोला एवढंच म्हणाले, की आपल्या हातची एक तरी उंच इमारत मंजूर झालेली बघावी आणि मग घरी बसावं. ती म्हणाली, देवाच्या मनात असेल तर होईल. नगररचना खात्याच्या मनात काय आहे, हे तिला कुठून कळणार?

नियम तसा साधा होता. समोरचा रस्ता बारा मीटर रुंद असेल तरच सात मजल्यांच्या वर जायचं. कागदोपत्री रस्ता बाराचाच होता. पण खात्याच्या माणसाने जागेवर टेप लावली, तर तो भरला अकरा मीटर पंच्याऐंशी. प्रस्ताव परत आला. साहेब तणतणले, की वीतभरसुद्धा जागा कमी नाही आणि चौदा मजले कापतात. मजलेकाका त्या दिवशी डबा न उघडताच घरी गेले.

दुसऱ्या दिवशी ते स्वतः टेप घेऊन निघाले. समोरच्या सोसायटीची कुंपणभिंत रस्त्यात आली होती. दगडी, तीस सेंटिमीटर जाड. सोसायटी त्यांच्याच ऑफिसाने आखलेली. ऑफिसात येऊन त्यांनी जुन्या नकाशांचं कपाट उपसलं. सोसायटीचा सव्वीस वर्षांपूर्वीचा नकाशा निघाला, कोपऱ्यात त्यांचीच सही. खोल्यांच्या भिंती मध्यरेषेवर आखायची हाताला सवय. त्याच सवयीने त्यांनी कुंपणभिंतीची मध्यरेषाही थेट हद्दीवर ठेवली होती. अख्खी भिंत हद्दीच्या आत हवी, ती निम्मी बाहेर. गवंडी बिचारा, त्याने नकाशाबरहुकूम बांधली.

हे ऐकून साहेब उलट खूशच झाले. भिंत पाडायला लावू म्हणाले, मजलेकाकांनी फक्त आपली चूक लिहून द्यावी. मजलेकाका तयार होते. आधी त्या लोकांच्या कानावर घालतो, एवढंच म्हणाले.

सोसायटीच्या सेक्रेटरी म्हणजे निवृत्त शाळामास्तरीण. बाईंनी नकाशा टेबलावर पसरला, चष्मा बदलला आणि सगळं दोनदा सांगायला लावलं.

"म्हणजे आम्ही आमची भिंत पाडायची. कशासाठी, तर तुम्हाला आमचं ऊन अडवता यावं म्हणून."

"हो," मजलेकाका म्हणाले.

"आणि चूक तुमची."

"माझीच."

"हे तुम्ही आपणहून सांगायला आलात?"

"तुमच्या माघारी करणं बरं दिसलं नसतं, बाई."

बाईंनी नकाशाची नीट घडी घातली. तक्रार जरूर करा म्हणाल्या. आम्ही उत्तर देऊ, मग तारखा पडतील, खालच्या मजल्यावर एक वकील राहतात, ते रिकामेच असतात.

"तुमचे नोकरीचे किती दिवस राहिलेत?"

"तीन महिने."

"मग काका, पाणी प्या तुम्ही."

मजलेकाका पाणी प्यायले आणि निघाले.

वकिलाचं नाव निघताच बिल्डरने थांबायला नकार दिला. सातच मजल्यांचा नकाशा पाठवा म्हणाला. चौदा मजले काढायला कॉम्प्युटरवर एक बटण पुरतं. ते दाबण्याआधी मजलेकाकांनी चौदाही मजल्यांची दारं-खिडक्या पुन्हा एकदा तपासल्या. सगळं जिथल्या तिथे होतं.

नवा नकाशा अकरा दिवसांत मंजूर होऊन आला. एकही शेरा नाही. त्यांनी कागद उलटून मागेही पाहिलं.

घरी सांगितलं, मंजूर झाला. बायकोने देवापुढे हात जोडले. म्हणाली, "बांधून झाली की वरपर्यंत जाऊन येऊ आपण."

"जाऊ की," ते म्हणाले. "लिफ्ट बंद असली तरी चढशील तू."