मागे घेतलेला हात

गल्लीत तिला तोफ म्हणतात. तोंडावर नाही, एवढी छाती कुणाची? पण घर विचारलं तर शेंबडं पोरही सांगतं, "तोफेचं ना? ते निळं दार." नवरा टेम्पो चालवतो आणि स्वभावाने थंड, इतका थंड की रोज तिच्या तडाख्यात राहूनही त्याचं काही वितळलेलं नाही. तो म्हणतो, "आमच्याकडे गॅस संपला तरी अडत नाही. हिच्या टाळूवर पातेलं ठेवलं की पाणी तापतं."

ती सरकारी हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत आहे. तापलेल्या रोलरमधून चादर बाहेर येते ती दोघींनी पकडून ओढायची, झटकायची, घडी घालायची. कोपरापर्यंत दोन्ही हातांवर भाजल्याचे डाग आहेत, जुने काळे, नवे लाल. एकदा मुकादमाने चादरीवर डाग राहिला म्हणून नव्या बाईला सगळ्यांदेखत फाडून खाल्लं. तोफेने तीच चादर त्याच्या खुर्चीवर अंथरली आणि म्हणाली, "बसून बघा साहेब, टोचतो का." त्या महिन्यात तिला सगळ्या दुपारपाळ्या लागल्या. तिने केल्या, पण माफी काही मागितली नाही.

अशा बाईच्या घरात नणंद म्हणजे गरीब गाय. कुरिअरच्या गोदामात पार्सलं लावते, कुणी पाय तुडवला तर आपणच "सॉरी" म्हणते. लग्न मोडलं तेव्हासुद्धा ती एवढंच बोलली होती, "जाऊ दे वहिनी." तिला एकच खोड, पळायची. उजाडायच्या आत उठून मैलोन् मैल पळायची. सुरुवातीला तोफ वैतागायची. "कोण लागलंय गं मागे? कामाला हात लावायची वेळ आली की हिचे पाय शिवशिवतात." मग एका सकाळी नणंद पळून आली ती उंबऱ्यातच कोसळली. ओठ पांढरे, जीभ कोरडी. तोफेने तिला उचललं, पाणी पाजलं, भरपूर शिव्या दिल्या, आणि दुसऱ्या दिवशी नवऱ्याची गंजकी सायकल बाहेर काढली. "पळायचंच असेल तर पळ. पण मरू नकोस. मी येते."

तेव्हापासून ती पाणी देत आली. मीठ-साखरेचं पाणी, प्लास्टिकच्या बाटल्यांत, आणि प्रत्येक बाटलीच्या गळ्याला लॉन्ड्रीतल्या फाटक्या चादरींच्या किनारीचा फास. पळणाऱ्या माणसाच्या हातात बाटली देणं हे उभ्या माणसाला ग्लास देण्यासारखं नसतं. आपणही चार पावलं तिच्याबरोबर पळायचं, हात लांब करायचा, फास दोन बोटांत हलका धरायचा आणि तिची बोटं लागली की सोडून द्यायचा. घट्ट धरला तर तिला हिसका बसतो, चाल मोडते. सुरुवातीला बाटल्या पडल्या, दोघींची भांडणं झाली, म्हणजे तोफ भांडली आणि नणंद ऐकत राहिली. पण पुढे पुढे नणंदेला बघायचीही गरज उरली नाही. ती नुसता डावा हात बाजूला करायची आणि बाटली तिथे असायची.

त्या वर्षी जागतिक स्पर्धा त्यांच्याच शहरात भरली आणि यजमानांच्या कोट्यातून मॅरेथॉनमध्ये नणंदेचं नाव लागलं. वय चौतिशीचं, पुन्हा अशी संधी येणार नव्हती. संघटनेच्या सचिवांनी पेपरात सांगितलं, "अनुभव म्हणून उतरवतोय. अर्ध्यात बसली तरी आमची तक्रार नसेल."

तोफेने तो पेपर ओट्याखाली मोरीच्या तोंडाशी अंथरला. "अर्ध्यात बसली तरी म्हणे. स्वतः एक मजला चढताना जिन्यात बसतो हा माणूस."

नणंद म्हणाली, "मी बसणार नाही वहिनी. शेवटपर्यंत जाईन. तू फक्त पाणी दे."

नणंदेच्या बाटल्यांची टेबलं दोन. एकावर सर, म्हणजे नणंदेला शिकवणारे शाळेतले जुने मास्तर. दुसरं हॉस्पिटलच्या मागच्या रस्त्यावर, तिथे तोफ. असं महिनाभर आधी ठरलं होतं. शर्यतीच्या आदल्या दिवशी सर घरी आले आणि खुर्चीच्या कडेवर टेकले.

"वहिनी, टेबलाशी उभं राहायचा तुमचा पास सचिवसाहेबांनी त्यांच्या मेहुणीला दिलाय."

"ती पळते?"

"नाही."

"पळवते?"

"नाही."

"मग करते काय?"

सरांनी चष्मा पुसला. "त्या टेबलासमोर टीव्हीचा कॅमेरा आहे."

तोफ उठली आणि पायात चप्पल सरकवू लागली. "चला, साहेबांचं घर दाखवा."

"त्यांच्या मनात आलं तर हिचंच नाव कापतील. आणि आणखी एक ऐका. उद्या तुम्ही कठड्यामागे असाल. पासवाल्याशिवाय दुसऱ्या कुणाच्या हातून हिने एक घोट घेतला तरी ती बाद. तुमचा हात, तुमची बाटली, काही चालणार नाही."

"जाऊ दे वहिनी," नणंद म्हणाली.

"जाऊ दे, जाऊ दे. तुझ्या या जाऊ देनेच लोक माजलेत." तोफेने चप्पल भिरकावली. ती दाराला आपटली. पण तोफ घरातच राहिली.

सकाळी तिने बाटल्या भरल्या, सरांकडे दिल्या. एक जास्तीची भरली गेली होती, ती पिशवीत टाकली. का टाकली ते तिलाही सांगता आलं नसतं.

रस्ता गोल होता, बायका फेऱ्या मारत पुन्हा पुन्हा त्याच टेबलापुढून जाणार. तोफ टेबलासमोरच, पण रस्त्याच्या अलीकडच्या अंगाला, कठड्याला पोट लावून उभी होती. शेजारी बंदोबस्ताची एक पोलीसबाई. पलीकडे मेहुणी. काळा चष्मा, कोरे पांढरे बूट, गळ्यात तोफेचा पास.

पहिल्या फेरीला मेहुणीने बाटली कमरेपाशी धरली, अगदी बक्षीस द्यावं तशी, आणि तोंड कॅमेऱ्याकडे. नणंदेची बोटं आपटली, बाटली गडगडत गटाराच्या जाळीवर गेली.

"पडली वाटतं," पोलीसबाई म्हणाली.

"पडली नाही, पाडली. दोन्ही हात देवाने दिलेत, पण एकही वापरून बघितलेला नाही हिने."

दुसऱ्या फेरीला मेहुणी रस्त्याकडे पाठ करून फोन उंच धरून उभी होती. मागून येणाऱ्या बायका तिला फोटोत हव्या होत्या. आल्याही. नणंद तिच्या खांद्यामागून निघून गेली आणि बाटली टेबलावर तशीच, फासासकट.

"अगं ए पांढऱ्या बुटांचे, मागे बघ!" तोफ ओरडली, तशी आसपासची चार माणसं बाजूला सरकली. मेहुणीने हात हलवला. तिला वाटलं कुणी ओळखीचं असेल.

पोलीसबाई हळूच म्हणाली, "बाई, कठड्यावर चढू नका. मला तुम्हाला उतरवावं लागेल, आणि तुमच्याकडे बघून मला ते जमेलसं वाटत नाही."

ऊन चढलं. पुढच्या फेरीला नणंद आली ती ओळखू येईना. गालांवर मिठाचे पट्टे, मान एका बाजूला कललेली. वाटेत सगळ्यांसाठी ठेवलेलं नुसतं पाणी तिने तोंडावर मारलं होतं, सरांच्या बाटल्या सोडल्या तर पोटात फारसं काही गेलं नव्हतं. सरांच्या टेबलाला अजून अर्धी फेरी. या खेपेला मेहुणी तयार होती. कुणीतरी तिला झापलं असावं. ती बाटली पुढे करून हाका मारत होती, "अहो, इकडे! इकडे!"

पण नणंदेच्या डोक्यात आता काही उरलं नव्हतं. उरली होती ती फक्त सवय, आणि सवयीला एकच हात माहीत होता. ती टेबल सोडून रस्ता ओलांडत तिरकी कठड्याकडे आली. डावा हात बाजूला, बोटं पसरलेली.

बाटली पिशवीतून कधी निघाली ते तोफेला कळलं नाही. फास दोन बोटांत हलका होता. पोलीसबाईने बाटली बघितली, नणंदेला बघितलं, आणि मान वळवून हॉस्पिटलच्या टाकीकडे बघत राहिली.

मुकादम, सासू, सचिव, साऱ्या जन्मात कुणापुढे तोफेने हात आखडला नव्हता. तो तिने आता आखडला. दोन्ही हात पाठीमागे नेले आणि बाटली इतकी आवळली की प्लास्टिक कुरकुरलं.

नणंदेची बोटं कठड्याच्या पत्र्यावरून खडखडत गेली. तिने मान वर केली.

"माझ्याकडे काय बघतेस? पळ! थांबलीस तर घरात पाऊल ठेवू देणार नाही. पळ, पळ!"

नणंदेचा चेहरा बदलला. इतक्या वर्षांत तोफेने तो चेहरा तिच्यावर कधी बघितला नव्हता. लग्न मोडलं तेव्हाही नाही. जबडा आवळलेला, डोळ्यांत अंगार. ती वळली आणि निघाली.

ती शेवटपर्यंत गेली. तिच्यामागे दोघी-तिघीच होत्या आणि पुढे सगळं जग, पण बसली नाही. डॉक्टरांच्या तंबूत तिला खाटेवर आडवं केलं होतं. भाऊ पायाशी बसून तिच्या पोटऱ्या चोळत होता. तोफ दाराशी थांबली. नणंदेने तिला बघितलं आणि तोंड फिरवलं.

"एक घोट मागितला होता," ती कापडी भिंतीला म्हणाली.

तोफेकडे उत्तर होतं. बाद झाली असतीस, हे उत्तर होतं. ते न देता तिने हातातल्या बाटलीचा फास सरळ केला.

तेवढ्यात सचिव आले. मागे माइकवाले, बाजूला मेहुणी. साहेबांनी नणंदेच्या डोक्यावर हात ठेवला आणि कॅमेऱ्याला म्हणाले, "आमच्या मुलीने नाव राखलं. पाण्यापासून सगळी व्यवस्था आम्ही जातीने पाहिली. घरच्याच माणसाला टेबलावर उभं केलं होतं."

नणंद उठून बसली. साहेबांचा हात तिने डोक्यावरून उचलला आणि बाजूला ठेवला, पार्सल ठेवावं तसा.

"कुणाच्या घरचं माणूस?"

"अं?"

"यांच्या हातून एक बाटली पडली. दुसरीच्या वेळी या फोटो काढत होत्या. ज्याला मला पाणी देता येतं ते माणूस तुम्ही कठड्यामागे उभं केलंत. रोज उजाडायच्या आत सायकल मारते ती, लॉन्ड्रीत उभी राहायच्या आधी. आणि आज मी बाद होऊ नये म्हणून तिने हात मागे घेतला. तो हात बघा, आणि मग सांगा व्यवस्था कुणी पाहिली."

साहेब हसले. "दमलीय बिचारी."

"दमलेय. खोटं बोलत नाहीये."

माइक तिच्याकडे सरकले. मेहुणीने काळा चष्मा पुन्हा लावला. भाऊ उठून दाराशी आला आणि बायकोला कोपराने ढोसत पुटपुटला, "अगं, तूही बोल की. एरवी ऐकवतेस." पण तोफ गप्प होती. गल्लीत सांगितलं असतं तर कुणाला पटलं नसतं.

"बघून घेतो," असं साहेब जाता जाता तंबूबाहेर सरांना म्हणाले, आणि त्यांनी बघून घेतलंही. नणंदेचं नाव त्यानंतर कुठल्याही संघात आलं नाही.

तंबूत तिघंच उरली. नणंद पुन्हा आडवी झाली, डोळे मिटले, आणि न बघता डावा हात खाटेबाहेर काढला. तोफेने पुढे होऊन फास तिच्या बोटांत दिला. नणंदेने एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"केवढं गरम झालंय हे."

"इतका वेळ माझ्या हातात होतं," तोफ म्हणाली. "दुसरं काय होणार?"