दाजींचा उजवा हात

आमच्या दाजींनी आजवर माणसांचे अकरा दात पाडले होते. हा आकडा ताईचा, म्हणजे पक्का. दाजी जन्मापासून बहिरे आणि ताईही बहिरी. ताई चिडली की भांडी आदळते, दाजी चिडले की माणसं. तरी संसार सुखाचा, कारण आदळआपट दोघांनाही ऐकू येत नाही.

दाजी जुन्या गाड्या मोडायच्या आवारात कामाला. सकाळी आठला घण उचलायचा आणि संध्याकाळपर्यंत काचा, दारं, इंजिनं फोडत राहायचं. अशा माणसानं घरी येताना तरी हात थकवून आणावेत! पण वाटेत कुणा उत्साही माणसानं ‘खरंच ऐकू येत नाही का, बघू’ म्हणून कानामागे टाळी वाजवली आणि मानेला तिचा वारा लागला, की त्या उत्साही माणसाच्या ओठातून रक्त आलंच समजा.

याचं मूळ शाळेत. बहिऱ्या मुलांच्या त्या शाळेत हातांनी बोलायला बंदी होती. हात हलला की मास्तर पट्टी उभी धरून बोटांच्या पेरांवर हाणायचे. सात वर्षं दाजींची पेरं सुजलेली. आठव्या वर्षी त्यांनी पट्टी हिसकावून मास्तरांच्या टाळूवर मोडली. मास्तरांना पाच टाके पडले आणि दाजींची शाळा सुटली. “त्या दिवशी मी पहिल्यांदा स्पष्ट बोललो,” असं दाजी अजून हातवारे करून सांगतात. सांगताना ताईकडे मात्र बघत नाहीत.

बोलिंगच्या हॉलमध्येही ते एकाला बडवायलाच गेले होते. बोलिंग म्हणजे क्रिकेटमधली नव्हे. लांब लाकडी पट्टीवरून जड गोळा सोडायचा आणि टोकाच्या दहा पिना लोळवायच्या. तिथे एक काडीपैलवान शिंपी खेळत होता, तोही बहिरा. दाजींचा अवतार पाहून त्यानं त्यांच्या हातात गोळा दिला. “दादा, यांना हाणा. यांच्यासाठी पोलीस येत नाहीत.”

पहिला गोळा शेजाऱ्याच्या पट्टीवर गेला. पाचव्या गोळ्यानं दहाच्या दहा पिना उडाल्या आणि तो दणका जमिनीतून दाजींच्या तळव्यांत शिरून गुडघ्यांपर्यंत चढला. दाजी लहान मुलासारखे हसले. ज्याला मारायचं होतं तो मागच्या दारानं सुखरूप गेला.

सहा वर्षांनी ही जोडी बहिऱ्या खेळाडूंच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत पोहोचली. त्यांचा वस्ताद जुना कुस्तीगीर, स्वतः ठार बहिरा. तरी गळ्यात शिट्टी. त्यानं दाजींच्या छातीवर बोट रोवून सांगितलं, “तू हात उचललास की जोडी बाद. तुझ्याबरोबर हा बिचाराही घरी.”

शिंपी म्हणाला, “दादा, मी आयुष्यात एकदाच बक्षीस जिंकलो. तेसुद्धा माझ्याच नावाच्या दुसऱ्याचं निघालं. येऊन परत घेऊन गेले. एवढं पदक होऊ द्या.”

दाजींनी उजवा हात छातीवर ठेवून वचन दिलं. वचन द्यायलाही त्यांना तोच हात सापडला.

कांस्यपदकाच्या सामन्यात समोरच्या जोडीत एक धिप्पाड गडी होता. शिंप्यानं त्याचं नाव ‘रेडा’ ठेवलं. शेवटच्या तीन फेऱ्या उरल्या तेव्हा आपली माणसं पुढे होती. दाजी धावत रेघेपर्यंत आले, हात मागे नेला आणि तळव्यांखाली जमीन हादरली. धप्, धप्. गोळा थेट कडेच्या पन्हळीत, पिना जागच्या जागी. पुढच्या फेरीतही तेच. धप्, धप्, पन्हळ.

कुणीतरी मुद्दाम पाय आपटत होतं. शेवटच्या फेरीला दाजींनी गोळा सोडायचं नुसतं सोंग केलं आणि गर्रकन वळले. रेड्याचा पाय हवेत होता.

मग कसलं वचन अन् कसलं काय! दाजी गोळा टाकून धावले. शिंपी त्यांच्या डाव्या हाताला लोंबकळला. त्याला फरफटत नेत त्यांनी उजव्या हातानं रेड्याच्या तोंडावर असा ठोसा हाणला की दोन दात फिकट लाकडावर टपटप पडले, मागोमाग रक्ताची धार. दुसरा ठोसा रेड्यानं मान वाकवून चुकवला. तो ठोसा मागच्या लोखंडी खांबावर बसला आणि दाजींची तीन बोटं मोडली. आवाज काय तो पंचांनाच आला. रेड्यानंही गुडघा दाजींच्या पोटात घातला. चौघांनी ओढलं तेव्हा दोघं सुटले.

तोवर सामना बघायला आलेली ताई मागच्या, प्रेक्षकांच्या लाकडी पायऱ्यांवरून खाली आली होती. चेहरा पांढराफटक. “पाय मी आपटत होते. तुमचं मनगट वाकत होतं. सांगायला हाक मारत होते.”

घरी ती दाजींना अशीच हाक मारते: जमिनीवर दोनदा पाय, पहिला जड, दुसरा हलका. पंधरा वर्षं तळव्यांना पाठ असलेली हाक दाजींना खेळाच्या जाड बुटांतून ओळखता आली नव्हती. आणि रेडा? पायाला मुंग्या आल्या म्हणून झटकत होता.

जोडी बाद झाली. दाजी शिंप्याला काही सांगायला वळले, तर शिंप्यानं डोळे घट्ट मिटून घेतले. बहिऱ्या माणसाच्या तोंडावर डोळे मिटणं म्हणजे दार आपटण्यापेक्षा वाईट. दुसऱ्या सकाळपर्यंत दाजी समोर आले की त्याचे डोळे बंद.

सकाळी, सगळे संघ उतरले होते तिथल्या दालनात रेडा सुजलेल्या ओठांनी पेज पीत बसला होता. दाजी त्याच्यापुढे जाऊन उभे राहिले. उजवा हात कोपरापर्यंत प्लॅस्टरमध्ये, डावा शिंप्यानं लोंबकळून मुरगळलेला. माफी मागायची कशानं? त्यांनी दोन्ही हात कसेबसे पाठीमागे नेले, डोळे उघडे ठेवले आणि जबडा पुढे केला.

रेड्यानं वाटी खाली ठेवली. ताईकडे पाहिलं. ताईनं मान डोलावली. आमची सख्खी ताई!

रेड्यानं मनापासून हाणली. दाजी टेबल, खुर्ची आणि स्वतः असे तिघं मिळून लाकडी जमिनीवर कोसळले. कोपऱ्यात डोळे मिटून बसलेल्या शिंप्याच्या तळव्यांना तो दणका पोहोचला आणि त्याचे डोळे फट्‌कन उघडले.

दाजी पाय वर करून पडले होते, तोंडातून रक्त. हात मागे ते मागेच. जिभेनं ढकलून त्यांनी एक दात बाहेर काढला. “चौदावा,” ताईनं मोजलं. “घरचा.”

शिंपी हळूहळू जवळ आला. खाली वाकून दाजींचं तोंड त्यानं शिवणीचं कापड तपासावं तसं तपासलं. मग त्याचे हात हलले.

“दादा, शेजारचाही हलतोय. हा गडी उद्यापर्यंत इथंच आहे ना?”