इथीच बसून खातो

चंद्रपूर जिल्ह्यातल्या सावलीहून मूलकडे जाणारी सकाळची बस आमच्या गावाबाहेरच्या वळणावर मंदावते आणि खिडकीतून तो वास आत येतो. आंबलेल्या पिठाचा हलका आंबूसपणा, तापल्या तव्यावर शिंपडलेल्या पाण्याचा चुरचुरता दर्प आणि त्यावर गोडलिंबाच्या फोडणीचा खमंग थर. चैत्र असेल तर पलीकडच्या धानाच्या रिकाम्या बांध्यांवरून येणारा मोहफुलांचा गुंगवणारा गंधही त्यात मिसळतो. शेजारच्या सीटवरची एखादी बाई पदर सावरत म्हणते, "भूक लागून राह्यली वं माय." मी मात्र काच ओढून घेते. माझ्या डोक्यात तिडीक उठते. राग काळाबरोबर निवतो असं लोक सांगतात. माझा निवलेला नाही, आणि खरं सांगायचं तर मला तो निवू द्यायचाही नाही.

त्या वळणावरचं ते हॉटेल नवं उघडलं तेव्हा दारात केळीचे खांब होते, झेंडूची तोरणं होती आणि पाटीवर माणसाच्या हाताएवढा लांब डोसा रंगवलेला होता. तोवर आमच्याकडे बाहेर खायचं म्हणजे बसस्टँडवरचा आलूबोंडा आणि तर्रीपोहे. डोसा हवा असेल तर चंद्रपूर गाठायचं. त्यामुळे गावभर आठवडाभर एकच विषय होता, आणि सगळ्यात जास्त बोलत होती ती आमची भाभी.

भाभी नात्यातली नाही, सगळं गावच तिला भाभी म्हणतं. ती शिवणकाम करते. बाजारगल्लीत, घराच्या ओसरीवर तिचं मशीन आहे. शाळेतलं शिकवणं आटोपून मी आणि उपकेंद्राची ड्यूटी संपवून आमची नर्सबाई, अशा दोघी तिच्या त्या ओसरीवर टेकायचो. चहा व्हायचा, कापडाच्या चिंध्या पायाशी साचत जायच्या, मशीनच्या तालावर, इकडच्या बायकांच्या 'मी जातो, मी येतो' अशा बोलीत गप्पा पुढे सरकायच्या. गावातल्या कितीतरी नवऱ्यांचे ब्लाउज तिच्या हातचे. 'नवऱ्यांचे' म्हटलं की नवरींचे की नवरदेवांचे ते कळत नाही, यावर ती दर लग्नसराईत हसायची. माप घेताना ती बायकांच्या पाठीवरून असा हात फिरवी की थकलेली बाई तिथंच सैल व्हावी.

तिचे वडील बांगड्या विकायचे. सिरोंच्याच्या बाजारापर्यंत त्यांची फेरी असे. तिकडची माणसं तेलुगू बोलणारी, तिकडचं खाणंही वेगळं. परतताना ते पळसाच्या पानात बांधून डोसे आणायचे. जंगलातल्या रस्त्यानं, दोन गाड्या बदलून घरी पोचेपर्यंत त्या डोशांचं कातडं झालेलं असे. सगळी भावंडं ते थंड, चिवट तुकडे ओढून ओढून खायची. "मले वाटे, डोसा असाच राहते," भाभी सांगायची. "गरम असला का कुरकुर वाजते, हे मले कोनं सांगतलं असतं?" एवढं वय झालं, पण हॉटेलात बसून, तव्यावरून उतरलेला डोसा तिनं कधी खाल्ला नव्हता. बाईमाणसानं हॉटेलात जायचं, तेही नवऱ्याशिवाय, हे तिच्या घरात झालंच नव्हतं. त्या वर्षीची लग्नसराई संपली, शेवटचा ब्लाउज गेला, आणि तिनं मशीनवर कापड झाकून जाहीर केलं, "उद्या जाऊ. आपण तिघीच."

दुसऱ्या दिवशी ती नवा सलवार-कुर्ता घालून, वर तिचा नेहमीचा काळा बुरखा चढवून आली. चेहरा उघडा, डोळ्यांत बारीक सुरमा. रस्ताभर ती बोलत होती. हॉटेलात शिरताच तिनं खिडकीजवळचं टेबल निवडलं, गुळगुळीत फरशीकडे आणि छताच्या पंख्यांकडे कौतुकानं पाहिलं. आम्ही बसलो, आणि गल्ल्यावरचा माणूस उठून आला. मधल्या वयाचा, कपाळाला गंध लावलेला, बोलायला अगदी मऊ. तो माझ्याकडे बघून बोलला. भाभीकडे त्यानं पाहिलंसुद्धा नाही.

"मॅडम, तुमी दोघी बसा. त्याईले पार्सल बांधून देतो."

मला आधी कळलंच नाही. "पार्सल कशाला? आम्ही इथंच खाणार आहोत."

"तसं नाई मॅडम. बाकीचे गिऱ्हाईक राहते ना. मालकाचं सांगणं हाय."

तो मऊपणा मला आजही आठवतो. त्यानं शिवी दिली असती तर ती अंगावरून झटकता आली असती. त्याच्या आवाजात अदब होती, जणू तो आमचीच अडचण सोडवत होता. मी उभी राहिले आणि वर्गातही कधी चढवला नसेल एवढा आवाज चढवला. काय काय बोलले ते आता सांगता येणार नाही. सगळे वळून बघू लागले. बहुतेक चेहरे ओळखीचे होते. माझ्या शाळेतल्या पोरांचे आईबाप होते. पलीकडच्या टेबलावर एक नवी सून सासूसोबत बसली होती. तिच्या अंगावरचा मोरपंखी ब्लाउज भाभीनं शिवलेला, गळ्याची ती नाजूक पानं मी ओसरीवर तयार होताना पाहिली होती. त्या सुनेनं मान खाली घातली आणि सांबाराच्या वाटीत चमचा फिरवत राहिली. सासूनं आमच्याकडे पाहून न पाहिल्यासारखं केलं. त्या माणसापेक्षाही त्या वाटीत फिरणाऱ्या चमच्याचा राग मला जास्त आला, आजही येतो.

मी भाभीचं मनगट धरलं आणि तिला ओढतच बाहेर आणलं. नर्सबाई मागोमाग आली. उन्हात, उभ्या मोटारसायकलींच्या पलीकडे आल्यावर भाभीनं हात सोडवून घेतला.

"तुमाले कोनं सांगतलं उठाले?"

"भाभी, अहो, त्यानं तुमचा अपमान केला!"

"माझा केला ना? मंग उठाचं का बसाचं, हे मले इचाराचं होतं." तिचा आवाज चढला नव्हता. "त्यानं मले नाई इचारलं. तुमी बी नाई इचारलं."

लाकडानं भरलेला एक ट्रक धूळ उडवत गेला. मग ती म्हणाली, "जनमभर पार्सलच खाल्लं, म्याडम. आज मी इथीच बसून खातो." आणि वळून चालू लागली.

ती पुन्हा त्या दारातून आत गेली, तेव्हा मला भीती वाटली. नर्सबाईनं माझ्या पाठीवर हात ठेवला आणि आम्ही दोघी तिच्यामागे गेलो. भाभी त्याच टेबलाशी बसली होती. गल्ल्यावरच्या माणसाला ऐकू जाईल असं ती म्हणाली, "एक साधा डोसा. गरम."

"टाइम लागन," तो म्हणाला.

"लागू द्या."

वेळ लागला. आमच्यानंतर आलेल्यांची ताटं आली, रिकामी झाली, उचलली गेली. ती सून आणि तिची सासू उठून गेल्या. भाभी दोन्ही हात टेबलावर ठेवून ताठ बसून होती. त्या माणसानं दोनदा मालकाला फोन लावला, दोनदा ठेवला. अखेर कंटाळून म्हणा, नाइलाज होऊन म्हणा, त्यानं स्वतःच डोसा आणून आदळला. एक कड करपलेली होती, सोबत सांबार नव्हतं. भाभीनं सांबार मागितलं. तेही आलं, आणि नर्सबाईनं सांगितलेले आमचे दोन डोसेही आले. तिनं डोशाचा कोपरा मोडला, तो वाजला, आणि तिनं डोळे मिटले. मी माझ्या डोशाला हातच लावला नाही. स्वतःचा संपवून तिनं माझ्या ताटातला अर्धा ओढून घेतला आणि मोठ्यानं म्हणाली, "सांबारात मीठ कमी हाय."

गोष्ट इथं संपली असं मला वाटलं होतं. मी त्या हॉटेलात पुन्हा पाय ठेवला नाही, ओळखीपाळखीत सगळ्यांना सांगत सुटले, काही जण हळहळले आणि रविवारी तिथंच जेवायला गेले. भाभी मात्र अधूनमधून जात राहिली. कधी मुलीला घेऊन, कधी नर्सबाईसोबत, कधी एकटी. ती विसरून गेली असेल, असं मी मनाशी धरलं, आणि थोडा तिचाही राग केला.

गेल्या महिन्यात तिनं हट्टच धरला, म्हणून मी गेले. पाटीवरच्या डोशाचा रंग उडाला आहे. फरशीला तडे गेले आहेत. गल्ल्यावर तोच माणूस आहे, केस पांढरे झालेले. त्यानं मेनूकार्ड आणून ठेवलं आणि म्हणाला, "काय आनू, भाभी?" सहज, जुन्या ओळखीचं असावं तसं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. एवढ्या सोप्या रीतीनं माणूस त्या दिवसातून निसटू शकतो? भाभीनं डोसा सांगितला. ती खिडकीकडे पाठ करून, दाराकडच्या खुर्चीवर बसली होती. तिथं ऊन येत होतं, येणाजाणाऱ्यांचा धक्का लागत होता.

"इकडे सावलीत या ना," मी म्हटलं. "तिथं काऊन बसता?"

"मी नेहमी इथीच बसतो." तिनं पाण्याचा ग्लास पुढे ओढला. "इथून गल्ला दिसते. आन गल्ल्यावरून मी दिसतो."

मी त्या माणसाकडे पाहिलं. तो सुट्टे पैसे मोजत होता, मधूनच नजर उचलत होता, आणि नजर उचलली की ती तिथं होती. मग मी ग्लासातलं पाणी प्यायले, आणि माझ्यासाठीही एक डोसा सांगितला.