तिरका झरोका

सापगावच्या भिमा गवंड्यानं बसवलेल्या दगडांच्या सांध्यात सुई शिरायची नाही. पण घराचा सांधा उसवला तर कुठला गवंडी भरणार? थोरली लेक जिवली, तिच्या अंगावर चट्टे उठले, बोटं बधिर झाली आणि नवऱ्यानं तिला माहेरच्या दारात आणून सोडलं. शहापूरच्या दवाखान्यातल्या गोळ्यांनी रोग थांबला. गावाच्या डोक्यातला थांबवायला कुठल्या गोळ्या? भिमानं घरामागं नदीकाठी तिला कुडाची झोपडी घालून दिली. दार नदीकडं काढलं, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याला तिचं तोंड दिसायला नको. सून रखमी वाटेतल्या दगडावर भाकरी ठेवून मागं फिरायची.

त्या वर्षी, म्हणजे छप्पन साली, फिंच साहेबानं भिमाला बोलावलं. इंग्रज गेले तरी रेल्वेतला हा म्हातारा उंबरमाळीकडच्या माळावर बंगला धरून बसला होता. त्याला नाद एकच, विलायतेतली जुनी देवळं, मठ आणि त्यांतले जोगी. मेलेल्या मडमेच्या नावानं त्याला एक छोटं चर्च बांधायचं होतं, तेही सहाशे वर्षांपूर्वीच्या घडणीचं. पुस्तकातलं एक चित्र त्यानं भिमापुढं धरलं. भिंतीत अगदी खाली, तिरका कापलेला झरोका.

"तिकडे महारोग्याला जिवंतपणीच मेला समजायचे, भिमा. पाद्री त्याच्यासाठी मयताची प्रार्थना म्हणायचा, पायांवर माती टाकायचा. मग तो गावाबाहेर. पण त्यालाही देव दिसावा म्हणून ही खिडकी. बाहेर उभं राहून बघायचं." बोलता बोलता साहेबानं चष्मा काढून डोळे पुसले.

भिमा चित्रावर वाकला. "साहेब, अशी हितं करायची?"

"करायची. अगदी अशीच."

अरे देवा! कुणीतरी भेटला म्हणायचा, रोग्यासाठी रडणारा! भिमानं तो झरोका दुसऱ्या कुणाला करू दिला नाही. पुन्हा पुन्हा बाहेर जाऊन वाकायचा, आतलं दिसतंय का बघायचा. जिवलीच्या बोटांना काही कळत नव्हतं, रक्त आल्यावरच तिला समजायचं. म्हणून खालच्या दगडाची कड त्यानं घासून घासून गोल केली. एवढ्या लाडानं त्यानं तिचा पाळणासुद्धा केला नव्हता.

चर्च उघडायच्या दिवशी मुंबईहून मोटारी आल्या. भिमा जिवलीला मागच्या बाजूनं घेऊन गेला. ती पाय मागं घेत होती.

"बा, हाकलतील रे."

"नाय गो. तुज्यासारख्यांसाठीच हाय ती खिडकी."

जिवली वाकली. आत मेणबत्त्या, फुलं, गाणारी माणसं. ती हसली. किती वर्षांनी हसली, बिचारी! तेवढ्यात आतल्या एका बाईची नजर झरोक्याकडं गेली आणि ती किंचाळली. गाणं थांबलं. साहेब लालबुंद होऊन बाहेर धावला.

"वेडा आहेस का तू? हिला इथं आणलंस?"

"साहेब, तुमीच बोल्लात ना, रोग्यांसाठी..."

"ते सहाशे वर्षांपूर्वी! ही नुसती आठवण आहे. घेऊन जा तिला, ताबडतोब!"

दुसऱ्या दिवशी साहेबानं झरोक्यापुढं काटेरी तार ठोकून घेतली. झरोका बुजवला नाही, तो त्याला हवाच होता. पुढं कितीतरी वर्षं पाहुण्यांना दाखवून त्या जुन्या रोग्यांसाठी तो डोळे पुसत राहिला. मेल्या म्हशीला मणभर दूध, दुसरं काय!

तर त्या दिवशी घरी परतताना वाटभर भिमा साहेबाचा उद्धार करत होता. नदी आल्यावर जिवली थांबली.

"त्याला कशाला शिव्या देतोस, बा? त्यानं भिंतीला भोक तरी पाडलं. आपल्या घराला कुठं हाय?"

 सकाळी उठून भिमानं छिन्नी घेतली आणि स्वतःच्या घराची मागची भिंत फोडली. तसाच झरोका, तिरका, खाली, गोल कडेचा. बाहेर बसलं की चूल दिसावी, जेवणारी माणसं दिसावीत. संध्याकाळी जिवली येऊन बसली. आत भावाची पोरं जेवत होती. त्यांतल्या धाकटीनं भाकरीचा तुकडा वर करून आत्याला दाखवला. जिवली पदरात तोंड घालून रडली. रखमीनं धाकटीचा हात खाली ओढला.

दुसऱ्या दिवशी भिमा कामावरून आला, तर झरोका बुजलेला. दगडमाती भरून वर शेणाचा हात फिरवलेला, ओला.

"वारा येतो पोरांवर," रखमी चुलीकडं बघत म्हणाली. लेकानं मान खाली घातली.

भिमानं छिन्नी हातात घेतली. भिंतीपलीकडं जिवली येऊन बसल्याचं त्याला कळलं. तिचा खोकला ओळखीचा होता. पोरगा, सून, नातवंडं सगळी त्याच्याकडं बघत होती. उद्या यांनी उठून वेगळी चूल मांडली तर म्हातारपणी त्याला भाकरी कोण घालणार? छिन्नी त्यानं कोपऱ्यात ठेवली, ताट ओढलं आणि त्या भिंतीकडं पाठ करून जेवला.